उत्तर बरोबर, पण रीत कुठे?

शाळेत गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहून भागत नसे. रीत दाखवली नाही तर पाचपैकी एक मार्क, तोही बाईंचा मूड बरा असेल तर. २०१७ साली केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच देशाच्या निवडणूक आयोगाला जवळपास याच कारणासाठी नापास केलं. राष्ट्राध्यक्ष निवडून आल्याचं जाहीर झालं होतं, परदेशी निरीक्षकांनी आयोगाची पाठ थोपटली होती, आघाडी चौदा लाखांहून जास्त मतांची होती. तरी न्यायालय म्हणालं, रीत दाखवा. ती दाखवता आली नाही आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द झाली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडत होतं.

आपल्या बडोदेकरांना केनिया तसा परका नाही. शेजारच्या गुजराती घरात कुणाची तरी मावशी नैरोबीला, कुणाचे काका मोम्बासाला असतातच. त्याच २०१७ च्या जुलैमध्ये, मतदान तोंडावर आलेलं असताना, तिथल्या सरकारने आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली होती. म्हणजे आपल्या ओळखीच्या मावश्यांनीही त्या रांगेत उभं राहून मत दिलं असणार, आणि तेही रद्दच झालं असणार.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. या खटल्याकडे मी ओढला गेलो तो राजकारणामुळे नाही. एका देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण, हा प्रश्न शेवटी सर्व्हरच्या लॉगपाशी येऊन अडला, हे वाचलं आणि मग निकालपत्रंच वाचायला घेतली.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय १४ दिवसांची घाई कळत नाही. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीत म्वाई किबाकी जिंकल्याचं जाहीर झालं आणि त्याच संध्याकाळी घाईघाईने शपथविधीही उरकला. हरलेले रायला ओडिंगा न्यायालयात गेले नाहीत. तिथे न्याय मिळेल असं त्यांना वाटतच नव्हतं. लोक रस्त्यावर उतरले. अकराशेहून अधिक माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास लोक घरदार सोडून पळाले. २०१० मध्ये नवी राज्यघटना आली तेव्हा तिच्यात एक बंदोबस्त करून ठेवला गेला. निकाल जाहीर झाल्यापासून ७ दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका करायची आणि न्यायालयाने १४ दिवसांत निकाल द्यायचा. निवडणूक रद्द झाली तर ६० दिवसांत नवी घ्यायची. तोवर शपथविधी नाही.

या वाटेने ओडिंगा २०१३ मध्ये पहिल्यांदा गेले. उहुरू केन्याटा ५०.०७ टक्के मतांनी, म्हणजे केसाच्या अंतराने, पहिल्या फेरीत निवडून आले होते. मतदारांची ओळख पटवणारी यंत्रं ठिकठिकाणी बंद पडली होती, निकाल पाठवणारी यंत्रणा कोलमडली होती. तरी न्यायालयाने एकमताने याचिका फेटाळली.

आता २०१७. केनियात मतमोजणी मतदान केंद्रावरच होते, त्याच रात्री, पक्षांच्या एजंटांसमोर. केंद्रप्रमुख निकाल एका फॉर्मवर लिहितो, सह्या होतात, एक प्रत दारावर चिकटवली जाते. हा फॉर्म ३४-ए. अशी केंद्रं होती ४०,८८३. मतदारसंघातल्या सगळ्या ३४-ए ची बेरीज होऊन ३४-बी बनतो. असे मतदारसंघ २९०. सगळ्या ३४-बी ची बेरीज म्हणजे ३४-सी, आणि तो हातात घेऊन आयोगाचे अध्यक्ष राष्ट्राध्यक्षाचं नाव जाहीर करतात. कागद, बेरीज, कागद, बेरीज. यात अवघड काही नाही.

या वेळी प्रत्येक केंद्रावर टॅबलेटसारखं एक यंत्र दिलं होतं. सकाळी त्याने मतदाराच्या बोटाचा ठसा तपासायचा आणि रात्री केंद्रप्रमुखाने त्यात आकडे टाईप करून ३४-ए चा फोटो जोडून पाठवायचा. आकडे आणि फोटो बरोबर गेले की वाटेत कुणी आकडा बदलला तरी फोटो बोलणार. कागदावर पाहिलं तर व्यवस्था छान होती. पण मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी आयोगाच्या संगणक विभागातले वरिष्ठ अधिकारी ख्रिस मसांडो यांचा खून झाला. मृतदेह नैरोबीच्या बाहेर सापडला. ही यंत्रणा ज्यांना आतून-बाहेरून माहीत होती, त्यांतले ते एक प्रमुख. केनियात कुणाचाच विश्वास मग पहिल्यासारखा राहिला नाही.

८ ऑगस्टला मतदान झालं. रात्री आयोगाच्या पोर्टलवर आकडे धडाधड येऊ लागले, पण फोटो मात्र येईनात. हजारो केंद्रं मोबाइल नेटवर्कच्या चांगल्या पट्ट्याबाहेर आहेत, असं आयोगाचं म्हणणं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड हिरवागार दिसत होता आणि त्याच्यामागचा डेटा कुठून आला ते दाखवता येत नव्हतं. ११ ऑगस्टला अध्यक्ष वाफुला चेबुकाटी यांनी निकाल जाहीर केला: केन्याटा ८२,०३,२९०, ओडिंगा ६७,६२,२२४. त्या वेळी हजारो ३४-ए आयोगाच्या हातात आलेलेच नव्हते. पुढे न्यायालयात आयोगाच्या वकिलांनी सांगितलं, पोर्टलवरचे आकडे म्हणजे निकाल नव्हेत, ती नुसती आकडेवारी होती. हे वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. सगळा देश तीन दिवस ज्या पडद्याकडे डोळे लावून बसला होता, तो पडदा म्हणे अधिकृत नव्हताच.

ओडिंगांनी आधी न्यायालयात जायचं नाही म्हटलं, मग १८ ऑगस्टला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, याचिका केली. आता १४ दिवस.

न्यायालयाने २८ ऑगस्टला एक आदेश दिला, आणि माझ्या मते सगळा खटला त्या आदेशातच आहे. आयोगाने आपली यंत्रणा याचिकाकर्त्यांच्या आणि न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांना दाखवायची. हात लावू द्यायचा नाही, फक्त वाचू द्यायचं. सर्व्हर किती, फायरवॉल कशी, पासवर्डचे नियम काय, प्रत्येक यंत्र कुठल्या जागेवरून बोललं, आणि ५ ऑगस्टपासून कोण कधी आत आलं-गेलं त्याचा लॉग.

लॉग म्हणजे काय, हे ज्यांना या धंद्याशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी: सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे वही असते ना, कोण आलं, किती वाजता, कुठल्या फ्लॅटला? तीच. चोरी झाल्यावर पोलीस ती वही मागतात. वॉचमन म्हणाला, वही देत नाही, पण काल रात्री मी तिच्यातली काही पानं उतरवून ठेवली आहेत ती घ्या, तर पोलीस काय समजतील? आयोगाने जे मागितलं होतं त्यातलं बरंचसं दिलंच नाही आणि जे दिलं ते अर्धवट. कारण सांगितलं सुरक्षेचं. सुरक्षेची काळजी खोटी नसते, मी स्वतः असे अर्ज नाकारलेले आहेत. पण फक्त वाचण्याची परवानगी ही नेमकी याच काळजीवरचा तोडगा म्हणून असते.

कागदांची तपासणी न्यायालयाच्या रजिस्ट्रारने करवून घेतली. ३४-बी फॉर्मपैकी पन्नासहून अधिकांवर वॉटरमार्क नव्हता, काहींवर सिरियल नंबर नव्हता, काहींवर सही नव्हती. आणि ज्याच्यावरून राष्ट्राध्यक्षाचं नाव वाचलं गेलं त्या ३४-सी वर वॉटरमार्कही नाही, नंबरही नाही. उलट त्यावर ‘मूळ दस्तऐवजाची खरी प्रत’ असा शिक्का. मग मूळ कुठे आहे?

१ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी चार विरुद्ध दोन असा निकाल वाचला (सातवे न्यायाधीश आजारी होते). केन्याटा हरले असं न्यायालय म्हणालं नाही, की त्यांच्यावर गैरप्रकाराचा ठपकाही ठेवला नाही. म्हणालं ते इतकंच, की निवडणूक ही एका दिवसाची घटना नसते, ती नोंदणीपासून घोषणेपर्यंतची प्रक्रिया असते, आणि ती घटनेप्रमाणे झाली हे आयोगाला दाखवता आलं नाही. सर्व्हर उघडून दाखवायला नकार दिल्याचा अर्थही न्यायालयाने आयोगाच्या विरुद्धच लावला: एकतर यंत्रणेत कुणी शिरलं होतं, किंवा आयोगातल्याच लोकांनी ढवळाढवळ केली, किंवा आपला गोंधळ कबूल करायचा नाही एवढंच. तिन्हींपैकी काहीही असो, निकाल पडताळून पाहता येत नाही.

मला हा निकाल पटतो. पण विरोधात गेलेल्या दोन न्यायाधीशांपैकी न्जोकी न्डुंगू यांचं म्हणणं सहज बाजूला सारता येत नाही. त्यांनी मूळ फॉर्म स्वतः तपासले आणि तक्रारीतल्या कितीतरी तफावती मूळ कागद पाहिल्यावर विरून जातात असं लिहिलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले, मत दिलं, ते एजंटांसमोर मोजलं गेलं. पुढे एखाद्या कारकुनाने वॉटरमार्क नसलेल्या कागदावर बेरीज लिहिली, तर शिक्षा त्या मतदाराला का? दीड कोटी लोकांची मतं होती ती.

याच प्रश्नाला वर्षभर आधी ऑस्ट्रियात वेगळ्या प्रकारे उत्तर मिळालं होतं. २०१६ च्या तिथल्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पोस्टाने आलेली मतं काही ठिकाणी ठरल्या वेळेआधी किंवा चुकीच्या माणसांनी उघडली. कुणी मत बदलल्याचा पुरावा शून्य. पण अशा मतांची संख्या ७७,९२६ आणि विजयाचं अंतर ३०,८६३. घटना न्यायालयाने फेरमतदान लावलं. (ते फेरमतदानही पुढे ढकलावं लागलं, कारण पोस्टाच्या मतांच्या पाकिटांचा डिंक सुटत होता. युरोपातही असं होतं, हे कळून बरं वाटतं.) तिथे निदान आकडा समोर होता. केनियात अडचण हीच होती की किती मतं संशयास्पद, हे मोजायलाच साधन हाती नव्हतं.

निकालाची किंमत न्यायाधीशांनी मोजली. केन्याटा त्या दिवशी निर्णय मान्य म्हणाले आणि लगेच सभेत न्यायाधीशांना ‘वाकोरा’, म्हणजे लबाड, म्हणाले. फेरमतदान २६ ऑक्टोबरला ठरलं. आयोग सुधारत नाही म्हणून ओडिंगांनी १० ऑक्टोबरला माघार घेतली. आयोगाच्याच एक सदस्य रोझलिन अकोम्बे न्यूयॉर्कला निघून गेल्या आणि तिथून राजीनामा दिला. २४ ऑक्टोबरला उपसरन्यायाधीश फिलोमिना म्विलू यांच्या गाडीचा चालक, जो त्यांचा अंगरक्षकही होता, त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी मतदान पुढे ढकलावं की नाही यावर तातडीची सुनावणी होती. न्यायालयात दोनच न्यायाधीश आले. पाच लागतात. सुनावणी झालीच नाही. केन्याटा ९८ टक्के मतांनी निवडून आले. मतदान चाळीस टक्क्यांच्याही खाली. त्या काही महिन्यांत पोलिसांच्या कारवाईत अनेक माणसं मेली. मग या निकालाने मिळवलं काय, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, आणि तेव्हा त्याला उत्तर नव्हतं.

उत्तर २०२२ मध्ये दिसलं. आयोगाने या वेळी प्रत्येक ३४-ए चा फोटो पोर्टलवर टाकला आणि पोर्टल सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. वर्तमानपत्रं, टीव्ही, विद्यापीठातली पोरं, कुणीही फॉर्म उतरवून घ्यावेत आणि आपली आपण बेरीज करावी. ४६,२२९ केंद्रं. विल्यम रुटो ५०.४९ टक्के, ओडिंगा ४८.८५. गंमत म्हणजे या वेळी मावळते राष्ट्राध्यक्ष केन्याटा ओडिंगांच्या बाजूला होते.

सातपैकी चार आयुक्तांनी निकालापासून हात झटकले. त्यांचं एक कारण ऐकून मी हसलो आणि मग विचारात पडलो. चारही उमेदवारांच्या टक्क्यांची बेरीज १००.०१ येते आणि वरच्या ०.०१ टक्क्यात सुमारे १,४२,००० मतं बसतात, म्हणून निकाल संशयास्पद. ५०.४९, ४८.८५, ०.४४, ०.२३, करून पाहा, येते तेवढीच. दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे पूर्ण केले की असं होतं, दुकानदाराच्या बिलातही होतं. आणि वैध मतं होती दीड कोटीच्या आत, त्याचं ०.०१ टक्का म्हणजे चौदाशेच्या आसपास, १,४२,००० नव्हे. शंभरपटीची चूक. हे वाक्य पत्रकार परिषदेत, कॅमेऱ्यांसमोर, देश श्वास रोखून बसलेला असताना बोललं गेलं.

ओडिंगा पुन्हा न्यायालयात गेले. या खेपेला सर्व्हरचे लॉग त्यांच्याच बाजूने हजर केले गेले: बाहेरच्यांनी शिरून फॉर्म बदलले म्हणे. न्यायालयाने पुन्हा तपासणी करवली. ज्या केंद्रांबद्दल तक्रार होती तिथल्या पेट्या उघडून मूळ ३४-ए काढले आणि पोर्टलवरच्या फोटोंशी ताडून पाहिले. जुळले. हजर केलेल्या लॉगपैकी काही २०१७ चे निघाले, काही सरळ बनावट. ५ सप्टेंबर २०२२ ला सातही न्यायाधीशांनी एकमताने याचिका फेटाळली. त्या सातांत २०१७ ला विरोधात गेलेल्या न्डुंगूही होत्या आणि रद्द करणाऱ्यांपैकी म्विलू, वांजाला, लेनाओला हेही होते. ओडिंगा म्हणाले, निर्णय अजिबात पटत नाही, पण मानतो. त्या वेळी २००७ सारखं काही झालं नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०२५ ला, ते वारले. आपल्या केरळमध्ये, आयुर्वेदिक उपचारांसाठी आलेले असताना.

आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे वाद वेगळे. तरी एक आठवण आपल्या घरातली आहे. १९६९ च्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात चुरस होती आणि तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले. पहिल्या पसंतीत कुणालाच कोटा गाठता आला नाही, आणि मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा मतमूल्याने आले. सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या, मुख्य आरोप संसदेत वाटलेल्या एका बदनामीच्या पत्रकाचा. पदावर असलेले राष्ट्रपती स्वतः साक्षीला हजर राहिले. टेपरेकॉर्डरवरचं संभाषण पुरावा म्हणून ऐकावं का, यावरही त्याच खटल्यात वाद झाला आणि न्यायालयाने ते ऐकलं. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. म्हणजे निकालाला महिने लागले, आणि गिरी तोवर पदावर होतेच. लोकसभेच्या खटल्यांचं तर विचारूच नका: इंदिरा गांधींच्या १९७१ च्या निवडणुकीवरचा अलाहाबादचा निकाल १२ जून १९७५ ला आला. त्यापुढे केनियाचे १४ दिवस म्हणजे धावपळच, पण निदान शपथेआधीची.

३४-ए चा आपला भाऊ म्हणजे फॉर्म १७-सी. आपल्या बूथवर किती मतं पडली ते त्यावर असतं आणि मतदान संपल्यावर त्याची प्रत पक्षांच्या एजंटांना मिळते. तो लगेच वेबसाइटवर टाकावा अशी मागणी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. निवडणूक चालू असताना न्यायालयाने तसा आदेश दिला नाही. मोजणीनंतर मात्र फॉर्म २० येतो, प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं मिळाली त्याचा तक्ता, आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर मिळतो. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, गोवा, तुम्ही कुठेही असा, आपला मतदारसंघ आणि बूथ नंबर माहीत असला की झालं. मी आमच्या बूथचा उघडून पाहिला. स्कॅन जरा तिरका आलाय, पण आकडे वाचता येतात.